फी भरली, हप्ते फेडले, आता देणगीही?

नमस्कार ताई,

मी ३२ वर्षांची. मूळची निफाड तालुक्यातली, आता पाथर्डी फाट्याला राहते. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. २०१२ ते २०१६ नाशिकच्याच एका विनाअनुदानित कॉलेजात इंजिनीअरिंग केलं. ओबीसीतून निम्मी फी सरकार भरायचं. उरलेली फी, होस्टेल आणि मेस यासाठी बँकेतून दरवर्षी ९० हजार उचलले, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. पहिला पगार १४ हजार आणि हप्ता नऊ हजारांचा. शेवटचा हप्ता २०२४ मध्ये गेला. सगळे मिळून साडेसात लाख भरले असतील.

सरकारचे पैसे कधीच वेळेवर यायचे नाहीत. मग परीक्षेच्या तोंडावर ऑफिसमधला माणूस वर्गात येऊन फी बाकी असलेल्यांची नावं वाचायचा. आम्ही उभं राहायचं. माझं हॉल तिकीट दोनदा अडवलं. शेवटी टीसीसुद्धा अडवली, तेव्हा दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) चाळीतला कांदा पडेल भावात विकून पैसे आणले.

आता बॅचला दहा वर्षं झाली म्हणून मेळावा आहे. ग्रुपवर प्रत्येकी ११ हजार ठरलेत. त्यातून कॉलेजला प्रवेशद्वार बांधून द्यायचं आणि त्यावर बॅचचं नाव कोरायचं. कुणी पैसे टाकले त्याची हिरव्या खुणांची यादी रोज रात्री येते. मी टाकलेले नाहीत. एकाने लिहिलं, 'ज्या कॉलेजने घडवलं त्याला विसरू नये.' माझ्या एका मैत्रिणीला टीएफडब्ल्यूएस या फीमाफीच्या योजनेतून शिकवणी फी पूर्ण माफ होती. तीही म्हणाली, 'आपण द्यायलाच हवं गं.' नवरा म्हणतो, टाक आणि विषय संपव. दादा म्हणतात, विद्येच्या ठिकाणाला नाही म्हणू नये.

पैसे आहेत माझ्याकडे. पण हात पुढे होत नाही. कॉलेजने मला काहीच दिलं नाही असं वाटत राहतं. (उलट २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीत आमची बाग गेली, तेव्हा मी कॉलेजबाहेरच्या ज्या वसतिगृहात राहायचे त्यांनी चार महिन्यांचे मेसचे पैसे घेतलेच नाहीत. त्यांना मी कधी काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.) मी कृतघ्न आहे का? मेळाव्याला जाऊ की नको?

— एक माजी विद्यार्थिनी, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

नाही, तू कृतघ्न नाहीस. आणि त्या प्रवेशद्वारासाठी अकरा हजार देऊही नकोस.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तुझ्या पत्रात बँकेचा, सरकारचा आणि कॉलेजचा असे तीन हिशेब एकमेकांत गुंतलेत. चौथा, वसतिगृहाचा, तू कंसात टाकून दिलास. ग्रुपवरची मंडळी 'कॉलेजने घडवलं' म्हणतात तेव्हा ती चारही हिशेब कॉलेजच्या खात्यावर जमा करतात. तू चिडतेस तेव्हा सगळे त्याच खात्यावर नावे टाकतेस. दोन्हीकडे गल्लत आहे.

आधी बँकेचं बघू, ते सोपं आहे. ३ लाख ६० हजारांचे साडेसात लाख कसे झाले हे तुझ्या दादांना अजून पटलं नसेल. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असेपर्यंत आणि साधारण पुढचं वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी उचललेल्या ९० हजारांवर पाच वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षं, असं करत पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर पाच लाखांच्या आसपास रक्कम उभी असते. तिथून पुढे सात वर्षं, बारा टक्क्यांच्या आगेमागे दर, आणि महिन्याला नऊ हजार. तुझा आकडा बरोबर बसतो. बँकेने फसवलेलं नाही, तिने तिचा धंदा केला. तुझे हप्ते चालू असताना प्राप्तिकरात ८०ई कलमाखाली या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळायची, तिला कमाल मर्यादाही नव्हती. पण १४ हजार पगाराला मुळात करच लागत नव्हता तेव्हा ती सवलत घेऊन तू काय करणार होतीस?

म्हणजे कॉलेजने जी किंमत सांगितली ती तू पूर्ण मोजलीस आणि ती मोजायला पैसेही बाजारभावाने आणलेस. तो व्यवहार पुरा झालेला आहे. पुरा झालेल्या व्यवहाराचं ऋण उरत नाही.

कर्ज काढून शिकलेल्यांचा हात देणगीच्या वेळी अडतो, हे अमेरिकेत मोजूनही झालंय. जोनाथन मीर आणि हार्वी रोझेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या तपासल्या. त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाचं नाव त्यांनी गुप्त ठेवलंय. ज्यांनी शिकताना कर्ज घेतलं होतं ते पुढे देणगी देण्याची शक्यता कमी, असं त्यांना आढळलं. मोठं कर्ज घेतलेल्यांपैकी जे देतात तेही कमी देतात. यात नवल काय, हप्ते चालू असताना कोण देणार, असं कुणीही म्हणेल. पण त्या दोघांना ते कारण पटलं नाही. त्यांचा कयास असा की, खिसा रिकामा म्हणून हे घडत नाही. आपल्यावर ओझं टाकलं गेलं याचा राग माणसांच्या मनात राहिलेला असतो, म्हणून घडतं. तुझ्या पत्रातलं 'पैसे आहेत माझ्याकडे' वाचल्यावर मला तोच निबंध आठवला.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मेळाव्यांत भाषणं करणाऱ्यांनी वाचावी अशी आहे. शिष्यवृत्ती मिळालेले लोक पुढे भरभरून देतात, असा आपला सगळ्यांचा समज असतो. त्यांच्या आकड्यांत तसं काही दिसलं नाही. शिष्यवृत्तीमुळे देणगी देण्याची शक्यता फारशी बदलली नाही, आणि जे देत होते त्यांची रक्कमही इतरांपेक्षा लहान होती. शिकताना विद्यापीठातच छोटी कामं केलेल्यांच्या बाबतीत तर ठळक फरक आढळलाच नाही. एकाच विद्यापीठाचा अभ्यास आहे, तिकडची माणसं, तिकडच्या सवयी. नाशिकला जसाच्या तसा चिकटवू नये. पण 'आम्ही दिलं, आता तुम्ही द्या' हे गणित तिथेही जुळत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

तिकडच्या काही श्रीमंत विद्यापीठांना हे उमगलेलं दिसतं. प्रिन्स्टनने २००१ मध्येच गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीतून कर्ज हा प्रकार काढून टाकला आणि त्याऐवजी परत न करायचं अनुदान देणं सुरू केलं. त्यांना ते परवडतं, कारण त्यांच्या गंगाजळीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्या पडल्यात. २०१९ मध्ये अटलांटातल्या मोअरहाउस कॉलेजच्या पदवीदान समारंभात रॉबर्ट स्मिथ या उद्योगपतीने समोर बसलेल्या अख्ख्या वर्गाचं शैक्षणिक कर्ज फेडायची घोषणा केली. जवळपास चारशे मुलं, ३ कोटी ४० लाख डॉलर. हा माणूस त्या कॉलेजचा माजी विद्यार्थी नव्हता, हे तुमच्या ग्रुपवर सांगण्यासारखं आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, तिथे प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी जमवले. एवढं द्यायला एवढं कमवावंही लागतं, ते आहेच. पण त्या काळी आयआयटीची फी किरकोळ असायची आणि मोठा खर्च सरकार सोसायचं. ती मुलं बाहेर पडली तेव्हा बहुतेकांच्या डोक्यावर हप्ता नव्हता. अशा माणसाला पन्नास वर्षांनी कॉलेज आठवतं तेव्हा होस्टेलची खोली आठवते, बँकेचा मॅनेजर आठवत नाही. (त्यांचं खरं ऋण आयआयटीचं की कर भरणाऱ्यांचं, हा वाद मी दुसऱ्या कुठल्या पत्रासाठी राखून ठेवते.)

आता आपल्या गावाकडे येऊ. 'संस्थेचं ऋण' ही भाषा नाशिकला नवी नाही, आणि ती खोटीही नव्हती. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराज उदाजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीला इथे आले होते. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी मुलांसाठी डांग सेवा मंडळ १९३७ मध्ये सुरू झालं. त्याआधी गरिबाचं पोर शहरात शिकायचं म्हणजे वार लावून जेवायचं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बोर्डिंगांनी त्या पोरांना छप्पर दिलं आणि दोन वेळचं ताट दिलं. अशा ठिकाणी वाढलेला म्हातारा माणूस 'संस्थेने मला घडवलं' म्हणतो तेव्हा त्यात अलंकार नसतो. त्याचं हाडामांसाचं शरीर तिथल्या भाकरीवर पोसलेलं असतं.

१९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि गोष्ट बदलली. मी त्या कॉलेजांना नावं ठेवणाऱ्यांतली नाही. ती निघाली नसती तर निफाडच्या मुलीला नाशकात इंजिनीअर होता आलं नसतं. तेव्हाच्या मोजक्या सरकारी जागांत तुझा नंबर लागला असता की नाही कोण जाणे, आणि लागला असता तरी पुण्या-मुंबईला किती घरांनी मुलगी पाठवली असती? पण ही कॉलेजं विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात. भाषा बोर्डिंगची आणि बिल विनाअनुदानित कॉलेजचं, हे दोन्ही एकदम चालत नाही. ज्याने बिल दिलं त्याच्याकडे पुन्हा ऋण मागायला जायचं, तर मधल्या काळात त्याला कसं वागवलं हे आधी आठवावं लागतं.

आणि तुला वागवलं कसं, तर वर्गात उभं करून. खरं सांगायचं तर कर्जापेक्षा मला हेच जास्त लागलं. तुझी बाकी तुझ्या चुकीने नव्हती, सरकारी हप्ता लांबला म्हणून होती, आणि ते नावं वाचणाऱ्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. कॉलेजांनी विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्ये लेखी बजावलं. तुझ्या दादांचा कांदा त्याच्या दोन वर्षं आधीच विकला गेला होता.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ती शिष्यवृत्तीही करारावरच होती. परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. १९१७ मध्ये ते रुजू झाले. कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकायचे, शहरात राहायला जागा मिळेना, पारशी सराईतून त्यांना बाहेर काढलं गेलं. नोकरी सुटली. दहा वर्षांचं कलम कागदावरच राहिलं. म्हणून त्यांनी मदतीची जाण ठेवली नाही असं कोण म्हणेल? १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज. मदत करणारे महाराज एकीकडे, अपमान करणारी कचेरी दुसरीकडे. मिळालेलं पुढे गेलं ते ज्यांना त्याची गरज होती त्यांच्याकडे. बडोद्याच्या कचेरीकडे ते गेलं नाही.

आता तुझं जिथे चुकतंय तेही सांगते. 'कॉलेजने मला काहीच दिलं नाही' हे रागात लिहिलं आहेस, ते मला पटत नाही. चार वर्षांत एकाही सरांनी तासाबाहेर थांबून काही समजावलं नाही? सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅब असिस्टंटने लॅब उघडी ठेवली नाही? अंबडची पहिली मुलाखत कुणाच्या शब्दाने मिळाली? असं एक जरी माणूस आठवलं तरी त्याला फोन कर, भेटायला जा. विनाअनुदानित कॉलेजात शिकवणाऱ्यांचे पगारही कित्येकदा महिनोन्‌महिने थकतात. फी बाकी ठेवणाऱ्या मुलीची कळ त्यांच्यापैकी काहींना ऑफिसपेक्षा जास्त कळत असणार. त्यांचे आभार मानायला प्रवेशद्वार लागत नाही.

सरकारने भरलेली निम्मी फी हा तुझा हक्क होता, उपकार नव्हे. पण ती कुणाच्या तरी करातून आली होती, आज तुझ्या करातून दुसऱ्या कुणाची जाते, ते चक्र चालू आहे. कॉलेजने मात्र तिचं श्रेय घ्यायचं कारण नाही. तुझ्या मैत्रिणीची गोष्ट जरा वेगळी. टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जागांची शिकवणी फी सरकार भरत नाही, ती कॉलेज सोडून देतं. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाने का होईना, तिला कॉलेजकडून काहीतरी मिळालं. तिने द्यावं असं तिला वाटत असेल तर ते खरंच आहे. ते तिचं खातं. तिच्या खात्यावरून तुझी बाकी निघत नाही, एवढं तिला प्रेमाने सांग आणि मैत्री टिकव.

नवऱ्याचं 'टाक आणि विषय संपव' व्यवहारी वाटतं, पण लाजेपोटी दिलेल्या पैशाने विषय संपत नाही. पंधराव्या वर्षी कमान रंगवायला पुन्हा यादी निघेल. त्या हिरव्या खुणांच्या यादीकडे जरा नीट बघ. कुणाचे आले, कुणाचे बाकी, रोज सगळ्यांसमोर. वर्गात वाचल्या जाणाऱ्या यादीचीच ही पद्धत आहे, फक्त आता ती तुमच्यातलेच लोक चालवतात. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नसेल. आणखी एक, हे कॉलेजनेच सुचवलं असेल तर त्याला नेमकी आत्ताच तुमची आठवण का झाली हे विचारून बघायला हरकत नाही. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा वेगळा मोजला जात आलाय आणि त्यांनी दिलेला पैसाही त्यात धरला जात आलाय. त्यात गैर काही नाही, पण माया कुठली आणि फाइल कुठली हे कळलेलं बरं.

मग करायचं काय? तू कंसात लिहिलंस त्याच्याकडे जा. गारपिटीच्या वर्षी ज्यांनी चार महिने जेवू घातलं आणि नंतर तोंडातून शब्द काढला नाही, देणं लागतेस तर त्यांचं. त्या वसतिगृहात जाऊन आजच्या दराने एका मुलीची चार महिन्यांची मेस किती होते ते विचार आणि तेवढे दे. अकरा हजारांपेक्षा थोडे जास्त होतील किंवा कमी. पैसे मेससाठीच वापरले जावेत असं पावतीवर लिहून घे. आज याची गरज जास्त आहे, कमी नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. तुझ्या जागी आज बसलेल्या मुलीला शिकवणी फीसाठी कर्ज काढावं लागणार नाही. पण खोलीचं भाडं आणि रोजचं जेवण कुणी माफ केलेलं नाही, आणि घरची द्राक्षं किंवा कांदा बसला की पहिली अडते ती मेस.

कॉलेजसाठी काही करावंसं वाटलंच, तर प्रवेशद्वाराऐवजी हे सुचवून बघ. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे आता विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, पण लांबतात ते लांबतातच. तेवढ्या काळासाठी बॅचचा एक उसनवार निधी करा. पंचवीस जणांनी अकरा हजार दिले तर पावणेतीन लाख होतात. फी बाकी म्हणून हॉल तिकीट अडलेल्या पंचवीस मुलांना प्रत्येकी अकरा हजार बिनव्याजी देता येतील. शिष्यवृत्ती जमा झाली की त्यांनी ते परत करायचे आणि पुढच्या सत्रात दुसऱ्यांना जायचे. कमान एकदाच बांधून होते, हा पैसा वर्षाला दोनदा फिरतो. काही मुलं परत करणार नाहीत. घरी आजारपण निघेल, पैसे खर्च होतील. दोन-तीन बुडतील हे गृहीत धरूनच सुरू करा आणि त्यांच्या मागे लागू नका.

पण अटी घाला, नाहीतर हाही निधी ऑफिसच्या कपाटात जाईल. खातं नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाच्या नावावर हवं, कुणा एकाच्या यूपीआयवर नको. पैसे कुणाला द्यायचे हे वर्गशिक्षक आणि बॅचचे दोघं ठरवतील, हिशेब विभाग नाही. घेणाऱ्याचं नाव फलकावर लागणार नाही, धनादेश देतानाचा फोटो निघणार नाही. आणि कॉलेजने लिहून द्यावं की शिष्यवृत्तीच्या लांबलेल्या हप्त्यासाठी कुणाचंही नाव वर्गात वाचलं जाणार नाही. ही शेवटची अट मान्य होत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. माझ्या मते खरी देणगी तीच आहे, पैसे नंतर.

ग्रुपवर काय लिहायचं याचा घोर तुला लागला असेल. एवढंच लिही: 'मेळाव्याला येते, जेवणाची वर्गणी पाठवलीये. प्रवेशद्वारासाठी देणार नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना फी बाकी म्हणून वर्गात उभं केलं होतं. आत्ता तिथे शिकणाऱ्या मुलांवर ती वेळ येऊ नये यासाठी निधी करणार असाल तर मी आहे.' वाद घालू नकोस, दुसऱ्या दिवशी उत्तरं वाच. तुझ्यासारखेच न बोलणारे अजून पाच-सहा तरी निघतील असा माझा अंदाज आहे. हिरवी खूण लावून बसलेल्यांतलेही एक-दोन असतील.

कराचं म्हणशील तर देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) पावती माग, पण सवलतीसाठी देणगी देऊ नकोस. तू नव्या करप्रणालीत असशील तर ही वजावट मिळत नाही, आणि जुनीत असलीस तरी दोन हजारांवरची रोख रक्कम धरली जात नाही. आणि हे सगळं घरचं भागल्यावर. दादांची बाग पुन्हा उभी करायला काही लागत असेल तर पहिला हक्क तिचा. कांदा त्यांनी विकला होता.

पैशाशिवाय द्यायचं असेल तर गावाकडच्या मुलांचे महाडीबीटीचे अर्ज भरायला बस. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी, बँक खात्याची आधारजोडणी, यातलं एक राहिलं की अर्ज लटकतो आणि मग नाव वाचलं जातं. तू या सगळ्यातून गेलीयेस, तुला डोळे मिटून येतं ते.

दादांना सांग की विद्येच्या ठिकाणाला तू नाही म्हटलेलं नाही. ज्या ठिकाणी त्यांच्या लेकीला उपाशी ठेवलं नाही तिथे देतेयस. त्यांना हे तुझ्या नवऱ्याच्या आधी पटेल.

मेळाव्याला मात्र जा. मैत्रिणी तुझ्या आहेत, कॉलेजच्या मालकीच्या नाहीत. उसनवार निधीचं प्राचार्यांशी बोलायचं असेल तर त्या दिवशी नको. त्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार असतील आणि ते सगळ्यालाच हो म्हणतील. आदल्या आठवड्यात वेळ घेऊन, बॅचमधल्या दोघा-तिघांना सोबत घेऊन कार्यालयात भेट, आणि अटींचा कागद टाइप करून ने.

— तुझी ताई